सहा दहाच्या बसमधली चाळिसावी

हैदराबादच्या जामबागेत मंगला साबणे हिला अर्धे लोक नावानं ओळखायचे आणि अर्धे हातरुमालांवरून. बाजार खुला झाला तसा कुकटपल्लीत औषधांच्या गोळ्या पाकिटात भरण्याचा कारखाना निघाला. यंत्रं परदेशी, पगार देशीच. मंगला तिथंच कामाला होती. मंगलाचा नवरा मधुकर छापखान्यात खिळे जुळवायचा. कॉम्प्युटर आला आणि खिळे भंगारात गेले. मधुकर घरी बसला, सोबतीला दमा. तेव्हापासून घर मंगलावर चालायचं आणि मंगला सहा दहाच्या बसवर.

ती बस जुनाट, निम्म्या सीटा मोडक्या, पण थेट जायची. चुकली तर दोन बस बदलून पोचेपर्यंत साडेसातचं गेट बंद. तीनदा गेट बंद म्हणजे कायमचंच बंद.

मंगलाचं घर स्टॉपला लागून. म्हणून कारखान्यातल्या मैत्रिणी संध्याकाळीच आपापले रुमाल तिच्याकडे देऊन ठेवत. सकाळी पदर खोचून ती आधी चढायची आणि सीटांवर रुमाल टाकायची. रुमाल पडला की जागा धरली. हा कायदा हैदराबादेत वकिलांनाही मान्य.

श्रावणात त्यांच्यातली लीला काविळीनं गेली. दुसऱ्या दिवशी सवयीच्या हातानं मंगलानं तिचाही रुमाल खिडकीपाशी टाकला. त्यांच्यातल्याच भामानं पाहिलं, पण उचलायला तिचाही हात धजला नाही. मग तो रोजच पडू लागला. उभी माणसं त्या सीटकडे जायची आणि मागे फिरायची.

"बैठो ना," एकदा कंडक्टर यादगिरी कुणाला तरी म्हणाला.

"कैसा बैठूं? अम्मा बैठे हैं ना उधर."

बायकांनी बाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

दिवाळीनंतर डेपोनं कळवलं, की ही बस तोट्यात आहे. डेपोचे साहेब तीन दिवस पुढच्या हिमायतनगर स्टॉपला चढून डोकी मोजणार. एका दिवशी जरी चाळीसपेक्षा कमी भरली तर बस बंद. बायकांनी बोटांवर हिशेब केला. रोजची माणसं मंगला धरून बरोब्बर चाळीस.

"आता कुणी मरायचंसुद्धा नाही," भामा म्हणाली आणि जीभ चावली.

पहिले दोन दिवस चाळीस भरले. तिसऱ्या पहाटे मधुकरला असा दमा चढला की ओठ निळे पडले. मंगला त्याची पाठ चोळत राहिली. खाली बस आली. ती नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबली, कुणाची तरी वाट बघावी तशी. मग गेली. मंगलाच्या डोळ्यांना धार लागली. चाळीस घरांची बस तिनं घालवली होती.

संध्याकाळी जिन्यात भामाचा आवाज आला. शिव्या खायच्या तयारीनं मंगलानं दार उघडलं.

"राहिली गं बस," भामा म्हणाली. "साहेबानं दोनदा मोजलं. पूरे चाळीस."

"कोण नवीन चढलं?"

"नवीन कशाला? आपणच की. पण तुला झालं होतं काय आज? डोक्यावरून पदर, खिडकीकडे तोंड. हाक मारली तर ओ नाही."

मंगलानं चौकट धरली.

"आणि हात काय चालत होता तुझा. सुपरवायझर म्हणाला, साबणेबाईंनी आज दीडपट पाकिटं भरली. लीला असताना तिचा चालायचा तसा." भामा थांबली. तिनं मंगलाच्या मागे पाहिलं. खाटेवर मधुकर झोपला होता, उशाशी वाफाऱ्याचं पातेलं, शेजारी ओली फडकी. दिवसभराचं आजारपण खोलीभर पसरलं होतं.

"मंगल, तू आलीवतीस ना?"

नाही म्हटलं असतं तर ते साहेबापर्यंत जायला एक दिवस पुरला असता.

"हौ," मंगला म्हणाली. "घसा बसला होता."

भामानं मान हलवली. पण पायऱ्या उतरताना ती भिंतीला धरून उतरली.

बस चालू राहिली. पुढे तर गर्दी वाढून साठ-सत्तर माणसं चढू लागली. मंगलाची हजेरी एवढी चोख, की कारखान्यानं तिला स्टीलचा डबा बक्षीस दिला. तापातसुद्धा ती गेली. भाच्याच्या लग्नालाही नाही थांबली. लोकांना वाटायचं, बाई कामाची हावरी. खरं एवढंच, की घरी राहायला ती भ्यायची. एकदा तिची जागा धरून कुणी परत दिली होती. दुसऱ्यांदा देईलच, असं कुठं ठरलं होतं?