पाठ न फिरवणाऱ्या ताई

मुलुंड ते नाहूर या टापूत माझ्या थोरल्या मेहुणीइतकं समोर तोंड करून बोलणारं माणूस दुसरं नाही. पडताळल्याशिवाय विधान करायची मला सवय नाही. हे मी दीड वर्ष पडताळतो आहे. ताई ओट्याशी पोळ्या करत असताना आपण "भाजीत मीठ घातलंय का?" असं विचारावं, तर त्या गॅस बारीक करतात, पूर्ण वळतात, आपल्याकडे बघून "घातलंय" म्हणतात आणि मग पुन्हा तव्याकडे वळतात. एका रविवारी मी जरा जास्त बोललो, तर अकरा पोळ्यांपैकी चार करपल्या. रिक्षावाल्याच्या पाठीशी बोलणं जिवावर येतं, म्हणून त्या त्याच्या आरशात बघून रस्ता सांगतात; परवा आरशात बघून हातानेही दाखवलं, आणि आम्ही नाहूरऐवजी भलतीकडेच निघालो. पाहुणा खिडकीकडे पाठ करून बसला की त्याचं तोंड अंधारात जातं, म्हणून त्याला चहाच्या कपासकट उठवून दुसऱ्या खुर्चीत बसवतात. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना एका संध्याकाळी तीन खुर्च्या बदलाव्या लागल्या.

हे सगळं एका मुलीमुळे झालं. ताई मुलुंडच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवतात. वर्गात त्रेचाळीस मुलं. पाच जणांच्या घरी भोजपुरी बोलतात, तिघांच्या गुजराती. एकाला बसून गणित सुटत नाही, त्याला खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून उभं राहायची मुभा. आणि ही मुलगी. दोन्ही कानांना यंत्रं, तरी बरंचसं ओठांवरून वाचणारी. ताई फळ्याकडे वळल्या की तिचा तास तिथेच संपायचा. म्हणून ताई वर्गाकडे तोंड ठेवून, तिरकं उभं राहून लिहायला शिकल्या. फळ्यावरच्या ओळी तेव्हापासून घाट उतरतात.

"ताई, त्रेचाळीस मुलांना त्रेचाळीस नियम कुठून आणणार?" मी एकदा विचारलं.

"नियम एकच आहे, भावोजी. कुणाकडे पाठ करून बोलायचं नाही. त्रेचाळीस जणांना चालतो."

गेल्या वार्षिक परीक्षेत मात्र हा नियम पणाला लागला. मुलीचे वडील मालवणकडचे, मरोळला कारखान्यात. कर्णबधिरांच्या एका निवासी शाळेचा अर्ज त्यांनी भरून खिशात ठेवला होता. माणूस वाईट नाही. पोर मागे पडत असेल तर हट्ट कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं. मुलीला वर्ग सोडायचा नव्हता. ठरलं असं, की दहा गुणांचं श्रुतलेखन काय निघतं ते बघायचं आणि मग अर्ज द्यायचा की नाही ते ठरवायचं. आता श्रुतलेखन म्हणजे नावातच ऐकणं आलं. त्यात परीक्षेत ते दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांनी सांगायचं, ही शाळेची पद्धत.

तिसरीचे सर आले. ताईंनी त्यांना आधी समजावलं होतं, त्यांनी मानही डोलावली होती. पण बावीस वर्षं बाकांमधून फिरत श्रुतलेखन सांगितलेल्या माणसाचे पाय ऐकतात थोडेच. दुसऱ्याच वाक्याला ते मागच्या बाकाशी पोचले. तेव्हा तिसऱ्या बाकावरची दुसरीच एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, तोंड दाखवा." मग आणखी चार जण उठले. सर लालबुंद झाले, टेबलाशी येऊन खांबासारखे उभे राहिले, आणि रागाने का होईना, ते वाक्य पुन्हा आणि उरलेलं सगळं श्रुतलेखन समोर बघत, एकेक शब्द चावून सांगितलं. नंतर मुख्याध्यापिकांकडे तक्रार केली, की चौथीला वळण नाही.

मुलीला सात मिळाले. तिन्ही चुका ह्रस्व-दीर्घाच्या. मी ताईंच्या घरी बसून सगळे पेपर पुन्हा तपासले. गुण बरोबर होते, वर्गाची सरासरी साडेसहा.

"सात म्हणजे कसा?" वडिलांनी मालवणीत विचारलं.

"म्हणजे ह्रस्व-दीर्घ चुकतं," ताई म्हणाल्या. "ते ओठांवर दिसत नाही. ऐकणाऱ्यांनाही कुठे कळतं?"

त्यांनी अर्ज काढला, चार घड्या घालून परत खिशात ठेवला. "मगे ऱ्हवांदे तेका हयच."

जूनपासून मुलगी पाचवीत, वरच्या मजल्यावर. तिथे सात विषयांना सात शिक्षक. मी काळजी व्यक्त केली, तर ताई म्हणाल्या, वर्गातली बेचाळीस पोरं तिच्याबरोबरच गेली आहेत, ती सातांना पुरून उरतील.

मागच्या आठवड्यात मी ताईंचा विसरलेला डबा द्यायला शाळेत गेलो. खालच्या वर्गांची मधली सुट्टी होती, वर पाचवीचे तास चालू होते. ताई वर्गात नव्हत्या. शिपाई म्हणाला, बाई रोज या वेळी वर जातात, पाचवीच्या दाराशी जरा उभ्या राहतात आणि खाली येतात. गुडघे दुखतात म्हणून त्या आमच्या घरीही लिफ्टशिवाय येत नाहीत. मी जिना मोजला. चोवीस पायऱ्या आहेत. डबा टेबलावर ठेवला आणि त्या यायच्या आत निघालो.