इंदूबाईला सांगून ये

सत्त्याऐंशी साली प्रताप नगरातल्या एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर कॉम्प्युटर आले, तेव्हा शेजारपाजारचे लोक ते पाहायला सहकुटुंब येत. चपला बाहेर काढाव्या लागत. मशीनच्या खोलीला एसी होता, माणसांच्या खोलीला पंखा. मे महिन्यात घामाच्या धारा पुसत बाहेर बसलेलं गिऱ्हाईक काचेतून आत बघे आणि पुढचा जन्म मशीनचा मागावा की काय, असा विचार करी.

कचेरी शरच्चंद्र साहेबांची. सरकारी नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग मांडला होता, आणि नातेवाइकांच्या मते तेव्हापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. भिवापूरच्या मिरची व्यापाऱ्यांची नावं, शाळांचे निकाल, संस्थांचे सभासद, जे मिळेल ते कॉम्प्युटरात भरून, हवं तसं छापून द्यायचं, हा धंदा. प्रोग्राम लिहायला दोघं होते. इंदोरा वस्तीतून सायकलने येणारी प्रेमिला आणि महाल भागातला वसंत. आणि झाडू, पाणी, चहा व दुपारची राखण याला इंदूबाई.

कचेरीचा एक नियम होता. प्रोग्राम अडला की साहेबांकडे यायचं नाही. आधी मागच्या स्वयंपाकघरात जाऊन तो इंदूबाईला सांगायचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तरी नाही सुटला तर साहेब. बाहेरच्या माणसाला वाटे, साहेबांच्या डोक्याबद्दल नातेवाईक म्हणतात ते खरंच असावं. इंदूबाई मुळाक्षरांपलीकडे शिकलेली नव्हती आणि कॉम्प्युटरला तिने फडक्याशिवाय कधी हात लावला नव्हता.

नियमाची सुरुवात प्रेमिलाच्या रडण्यातून झाली. भिवापूरच्या व्यापाऱ्यांची नावं छापायचा तिचा पहिलाच प्रोग्राम. प्रिंटर करकरायला लागला आणि पहिल्याच व्यापाऱ्याचं नाव छापत सुटला. कागदाचा ढीग जमिनीला लागला तरी दुसऱ्या माणसाचा पत्ता नाही. प्रेमिलाने मशीन बंद केलं आणि मागे जाऊन डोळ्यांना पदर लावला. इंदूबाई मेथी निवडत होती.

"काय झालं ते सांग वं पोरी."

"तुमाले नाही समजणार मावशी."

"मले समजावं म्हणून नाही म्हणत. तुले रडू येऊन राहिलं म्हणून म्हणते. हितं समोर बस."

प्रेमिला समोर बसली आणि नाक ओढत सांगू लागली. फाईल उघडली. पहिल्या माणसावर उभी राहिली. त्याचं नाव छापलं. फाईल संपली का पाहिलं, नाही संपली. म्हणून पुन्हा नाव छापलं...

"थांब," इंदूबाई म्हणाली. "हितं तुहं तोंड बदललं. येवढं पुन्हा सांग."

"नाव छापलं, संपली का पाहिलं..." प्रेमिला बोलता बोलता थांबली. पुढच्या माणसाकडे जा, असं तिने मशीनला सांगितलंच नव्हतं. बिचारं मशीन एकाच व्यापाऱ्यापुढे हात जोडून उभं राहिलं होतं. प्रेमिला उठली ती धावतच आत गेली, आणि संध्याकाळपर्यंत सगळं भिवापूर छापून झालं. साहेबांना हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याचा नियमच करून टाकला.

वसंताने सुरुवातीला नाक मुरडलं. गणितात पहिला आलेला मुलगा, मेथीच्या जुडीपुढे बसून प्रोग्राम काय म्हणून सांगेल? पण त्याचा एक लांबलचक प्रोग्राम रोज शेपटीकडून तुटू लागला. संध्याकाळी पूर्ण लिहून ठेवावा आणि सकाळी पाहावं तर शेवटच्या ओळी गायब. त्याने प्रेमिलावर संशय घेतला, दोन दिवस तिच्याशी अबोला धरला, आणि शेवटी हात टेकून स्वयंपाकघरात आला. इंदूबाईने त्यालाही तसंच मध्ये थांबवलं. तो सांगत होता, "आधी लहान होता तेव्हा ठीक होता, मग मी त्यात आणखी जोडलं." तिथेच त्याला उमगलं. तो ज्यात प्रोग्राम लिही त्या, डेटाबेससोबत आलेल्या एडिटरच्या पोटात ठरावीक मापापलीकडे मजकूर मावतच नव्हता. जास्तीचं तो मुकाट्याने टाकून देत होता. वसंताने दुसऱ्या एडिटरात लिहायला सुरुवात केली, आणि प्रेमिलाला हल्दीरामची नव्हे, साधी कोपऱ्यावरची कचोरी आणून दिली. माफी मागणं त्याच्या घराण्यात नव्हतं.

मुलं म्हणत, मावशी काय मन लावून ऐकते. खरी गोष्ट अशी होती की इंदूबाईला त्यातलं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

तिचं तरुणपण गिरणीत गेलं होतं, सुताच्या लडी करायच्या खात्यात. तिथल्या घरघरीत शेजारणीचा आवाज शेजारणीला पोचत नसे. बाया एकमेकींच्या ओठांवरून बोलणं उचलायच्या. सासूची चहाडी, बाळंतपणाची बातमी, मुकादमाची नक्कल, सगळं बिनआवाजी चाले, आणि मुकादम समोर उभा असताना त्याच्यावर हसता येई. गिरणी सुटली तेव्हा कळलं की घरघर थांबली तरी आवाज काही परत यायचे नाहीत. ते दर वर्षी थोडे थोडे कमीच होत गेले. तिने कुणाला सांगितलं नाही. समोरच्याच्या ओठांवर बोलणं असायचंच, आणि ओठांवर नसलेलं बरंच काही डोळ्यांत असायचं. ज्या जागी माणसाची स्वतःचीच खात्री नसते, तिथे त्याची नजर एकदा खाली जाऊन येते. तिथे ती त्याला थांबवी. मग पुढचं त्याचं तोच सोडवी.

तिचा मुलगा नत्थू कन्हानला कोळशाच्या खाणीत होता. भला मुलगा. सूनही भली. "माय, आता तिकडं काय पडलं तुह्यं, इकडं ये," असं तो दर भेटीत म्हणे. तिच्या कानांचं त्याला कळलं होतं. सुनेलाही कळलं होतं. दोघं तिच्याशी मोठ्याने बोलत, आणि म्हणून थोडंच बोलत. जेवून घे. ऊन लागेल. औषध घेतलं का. तिथे तिला काही कमी पडलं नसतं. पण बहिऱ्या माणसाला लोक कामाचंच तेवढं सांगतात, आणि इंदूबाईला बिनकामाचं ऐकायची फार हौस होती. इथे ही पोरं तिच्यासमोर बसून तासतास बोलत. त्यातलं अक्षर कळत नसे, तरी ते सारं तिला सांगितलेलं असे. कानांचं उघडकीला आलं की हे संपणार, आणि आपली रवानगी कन्हानच्या खाटेवर होणार, हे ती जाणून होती.

भीती एकाच गोष्टीची होती. मशीनच्या खोलीत बॅटरीचा एक मोठा डबा होता. वीज गेली की मशीन थोडा वेळ त्याच्यावर चाले आणि डबा कर्कश ओरडू लागे. तेवढ्यात फायली बंद करायच्या, नाहीतर त्या बिघडत. दुपारी मुलं मागच्या अंगणात डबे खायला बसत तेव्हा हाक मारायचं काम इंदूबाईचं. ती कधी चुकली नव्हती, कारण तिने युक्ती काढली होती. ती पंख्याखाली बसे. वीज गेली की पंखा थांबे, आणि पंखा थांबला की ती हाक मारी.

त्या दुपारी वीज गेली, पण अर्धीच. बंगल्यातली एक फेज गेली आणि दुसरी राहिली. मशीनची खोली गेलेल्या फेजवर होती, स्वयंपाकघर राहिलेल्या. पंखा फिरत होता, इंदूबाई तांदूळ पाखडत होती, आणि भिंतीपलीकडे डबा ओरडून ओरडून गप्प झाला. अंगणात पोरांच्या डोक्यावर शेजारच्या कूलरची धडधड होती. मशीनमध्ये वसंताने जेवायला जाताना लावून ठेवलेलं काम चाललं होतं. खेड्यांतल्या डोळ्यांच्या शिबिरात तपासलेल्या लोकांची नावं फ्लॉपीवरून मोठ्या फायलीत उतरत होती, आणि फ्लॉपी पुन्हा वापरता यावी म्हणून उतरलेलं नाव तिच्यावरून तिथल्या तिथे पुसलं जात होतं. कुणाला चष्मा, कुणाचं ऑपरेशन, त्याची कार्डं सोमवारी द्यायची होती.

जेवून परतल्यावर वसंताच्या तोंडचं पाणी पळालं. वीज आली, मशीन सुरू झालं, फाईल उघडली, आणि फाईल म्हणाली, माझ्यात नवं नाव एकही नाही.

कुणी इंदूबाईला बोललं नाही. तेच तिला जड गेलं. साहेब म्हणाले, "बझर बिघडला असेल. नाहीतर इंदूबाईंनी हाक मारली असतीच." त्यांनी वायरमन केशवला बोलावलं. इंदूबाई चहाचा ट्रे घेऊन मशीनच्या खोलीत आली तेव्हा केशव डब्यापुढे उकिडवा बसला होता. तिची नजर कपांवर होती. ती वर पाहते तो वसंताने कानांवर हात ठेवलेले, साहेबांचे डोळे मिटलेले, केशवचं तोंड वाकडं झालेलं. डबा ओरडत होता. तिने घाईने तोंड वाकडं केलं, पण उशीर झाला होता. प्रेमिला एकटक तिच्याकडे पाहत होती, आणि मग एकेक करून सगळेच पाहू लागले.

इंदूबाईने ट्रे टेबलावर ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन तिने आपला जेवणाचा डबा धुतला, पुसला, पिशवीत घातला. प्रेमिला मागून आली आणि वळसा घालून समोर उभी राहिली.

"कधीपासून मावशी?"

"गिरणीपासून."

"मंग काहून नाही सांगितलं? येवढा भरोसा ठेवला आमी." प्रेमिलाला राग आला होता आणि तो तिने लपवला नाही.

"सांगितलं असतं तं तुमी मले सांगणं बंद केलं असतं."

इंदूबाईने पिशवी उचलली.

"फाईल माह्यानं गेली पोरी. त्या लोकायचे डोळे हायत त्यात. मी साहेबाले सांगते आन् जाते कन्हानले. तू आदी आत जा, तुह्यं काम पाय."

प्रेमिलाने पिशवी तिच्या हातातून घेतली आणि खुंटीला अडकवली. मग ती जमिनीवर बसली, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे उजेड तोंडावर पडेल.

"काम अडलं हाय म्हणूनच आली मी. बसा. नियम हाय ना कचेरीचा."

इंदूबाईला बसावंसं वाटत नव्हतं. तरी ती बसली. प्रेमिला सावकाश सांगू लागली, प्रत्येक शब्द ओठांवर नीट मांडत. नावं एकामागून एक फायलीत उतरत होती. उतरताना डिस्कवर लिहिली जात होती. मध्येच मशीन बंद पडलं. नंतर फाईल उघडली, तिला विचारलं किती नावं आहेत, तर तिने जुनाच आकडा सांगितला...

इंदूबाईने हात वर केला. डोळे भरले होते तरी सवय सुटत नाही. "हितं तुही नजर खाली गेली. पुन्हा सांग."

"तिले विचारलं किती नावं आहेत..." प्रेमिला थबकली. "ती मोजतच नाही मावशी. तिच्या कपाळावर एक आकडा लिहून असते, तोच वाचून सांगते. तो आकडा फाईल बंद करताना बदलते. आमाले बंद कराले कुठी भेटलं? नावं आत असतीन. कपाळावरचा आकडा तेवढा जुना हाय."

ती उठून गेली. इंदूबाई तिथेच बसून राहिली. आत काय चाललं आहे हे तिला ऐकू येणार नव्हतं, आणि उठून बघायची हिंमत नव्हती. प्रेमिलाने आणि वसंताने एका लहानशा प्रोग्रामने फायलीच्या कपाळावरचा आकडा दुरुस्त केला आणि फाईल पुन्हा उघडली. नावं होती. शेवटचं एखाददुसरं अर्धवट कापलेलं, ते फ्लॉपीवरून अजून पुसलं गेलं नव्हतं, पुन्हा घेता येणार होतं. वसंत स्वयंपाकघराच्या दारात आला, आणि मोठ्याने हसत राहिला. तेवढ्यावरून तिला कळलं.

पण नोकरीचा निकाल लागायचा होता. संध्याकाळी साहेब स्वतः मागे आले. त्या खोलीत ते कधी येत नसत. नियम त्यांनी केला होता, पण तो पाळायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती, निदान मुलांपुढे तरी नाही. ते ओट्याजवळ उभे राहिले. इंदूबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. जे काय म्हणतील ते ओठांवरून वाचावं लागणार होतं, आणि तिला वाचायची भीती वाटत होती.

साहेबांनी बोटाने छताकडे दाखवलं. केशव उद्या इथे लाल दिवा लावणार होता. डबा ओरडला की दिवा लागेल. इंदूबाईने मान हलवली. आता ते 'पण तुम्ही घरी जा' म्हणतील, असं तिला वाटलं, पण ते जागचे हलेनात. एकदा दाराकडे पाहिलं, मुलं नाहीत याची खात्री करून घेतली, आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिच्यापुढे बसले, पाठ खिडकीला करून.

"इंदूबाई," ते असं ओरडले की रस्त्यावरच्या सायकलवाल्याने वळून पाहिलं असेल, "माझा एक प्रोग्राम अडला आहे. आठवडा झाला."

त्यांचं तोंड अंधारात होतं. इंदूबाईने पदराने डोळे पुसले.

"ओरडू नका साहेब," ती म्हणाली. "हळूच बोला, पन तोंड उजेडाकडं करून."

साहेबांनी स्टूल उचलून फिरवलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पहिल्या ओळीपासून सांगायला सुरुवात केली.