मान खुर्चीचा

मी डूख धरते. आई म्हणायची, हिच्यापेक्षा नाग परवडला. खोटं नव्हतं ते.

सायखेड्याजवळच्या आमच्या गावाची पोलीस पाटीलकी आमच्या घरात होती. आजोबांना ती वारसानं मिळाली. पुढे वारसा बंद झाला, सरकारी नेमणूक आली आणि ती माझ्या वडिलांना, दादांना मिळाली. मारामारी, चोरी, बुडून मेलेला माणूस, काहीही असो, पहिली हाक आमच्या दाराला. पोलिसांची गाडी येईपर्यंत गावात कायदा म्हणजे दादा आणि त्यांची बॅटरी. सरपंच मात्र निवडून आलेले, एकदा नव्हे, दर खेपेला. चावडीतली खुर्ची त्यांच्या बुडाला चिकटलीच होती म्हणा.

दादांना या पाटीलकीचा मान एकच. पोळ्याला वेशीवरचं तोरण पाटलाच्या बैलानं तोडायचं, मग बाकीचे बैल गावात. तोच बैल पुढे दारोदार फिरायचा आणि घरोघरी त्याचे पाय धुतले जायचे. वर्षभर लोकांच्या शिव्या खाणारे दादा त्या दिवशी फेटा बांधून ताठ चालायचे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, उसाच्या हंगामात, सरपंचांच्या मुलानं ट्रॅक्टर मागे घेताना एका मजुराला चिरडलं. नदीकाठच्या आदिवासी वस्तीवरचा गडी. पोलीस यायच्या आत सरपंच आमच्या ओट्यावर हजर.

"पाटील, गडी पिऊन ट्रॉलीवरून पडला. एवढंच सांगायचं."

"सरपंच, छातीवर चाकाचा वळ हाय त्याच्या. मी डोळे कुठं ठिवू?"

दादांनी दिसलं ते सांगितलं. मुलगा आत गेला, जामिनावर बाहेर आला, साक्षीदार फिरले आणि तो निर्दोष सुटला. शिक्षा झाली ती आम्हाला. दादांची मुदत संपली, ती पुन्हा वाढली नाही. कुणी कुठे शब्द टाकला, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि पोळ्याच्या तोंडावर सरपंचांनी ग्रामसभेत ठराव मांडला, की तोरणाचा मान इथून पुढे सरपंचाचा. "मान खुर्चीचा, घराण्याचा नाय," ते म्हणाले. बोलणं बिनतोड होतं, म्हणून जास्तच झोंबलं. आमच्या भावकीनंही ठरावाच्या बाजूनं हात वर केले.

त्या पोळ्याला दादांनी आमचा पांढरा बैल रांगेत सगळ्यांच्या मागे उभा केला. सगळ्यांसारखाच दारोदार नेला. सरपंचांनी दारातूनच काठी हलवली. "ह्याला पुढं न्या. इथं नको."

पोळ्याच्या दिवशी बैलाला दारातून कुणी हाकलत नाही. हाडवैरीसुद्धा नाही. दादांनी बैल वळवला. घरी येऊन त्यांनी बैलाचे पाय स्वतःच धुतले आणि फेटा सोडून खुंटीला टांगला. मी तेव्हा नाशकात कॉलेजात होते, सणाला घरी आलेले. त्या माणसाला मान खाली घालायला लावल्याशिवाय राहणार नाही, असं मी त्याच संध्याकाळी ठरवलं.

काही वर्षांनी सोडत निघाली आणि आमचं सरपंचपद आदिवासी महिलेसाठी राखीव झालं. सरपंचांनी आपल्या सालगड्याची बायको उभी केली. मी नाशकातल्या शाळेतून रजा काढली आणि दादांना घेऊन वस्तीवर गेले, त्या मेलेल्या गड्याच्या बायकोकडे, तिनं निवडणुकीचा अर्ज भरावा म्हणून.

"मला काय कळतंय त्यातलं, ताई?"

"सरपंचांना तुमच्यापुढं उभं करायचंय," मी म्हणाले.

तिनं चुलीत फुंकर घातली. मग म्हणाली, "उभं नको. वाकवायचंय."

ती निवडून आली. पोळा जवळ आला तसा माजी सरपंचांना आपला ठराव आठवला: मान खुर्चीचा, आणि खुर्ची आता तिची. पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांदेमळणीला, ते आमच्या ओट्यावर आले, नरम होऊन. "पाटील, आमचं चुकलं. मान तुमच्या घराचाच. उद्या तुम्हीच तोरण तोडा."

दादांनी गोठ्याकडे पाहिलं. त्यांना तो मान किती हवा होता, ते मला माहीत होतं. आत खुंटीवरचा फेटाही दिसत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "मान खुर्चीचा हाय, सरपंच. बैल तेवढा माझा. तो मी तिच्या हातात देतो."

असं बोलायला मला कधीच जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या पांढऱ्या बैलानं तोरण तोडलं. दोर तिच्या हातात, मागे फेटा बांधलेले दादा. पहिलं दार माजी सरपंचांचं. अख्खा गाव बघत होता, त्यामुळे बैल परत धाडायची सोय नव्हती. त्यांच्या बायकोनं खुरांवर पाणी घातलं आणि ते स्वतः पाय धुवायला गुडघे धरत खाली वाकले. मी पोटभर बघून घेतलं. वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. अंगणात ट्रॅक्टर उभा होता. सणासाठी धुतलेला, बॉनेटवर हार, चाकांना हळदकुंकू. तोच ट्रॅक्टर.

"सरपंच," ती हळूच म्हणाली, "चाकं नीट धुतली का?"

ते वाकलेलेच राहिले. तिनं दोर ओढला आणि आम्ही पुढच्या दाराकडे निघालो.