उलटे आटे

माझ्या बायकोला तिचे विद्यार्थी ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही, पण मी शिंपी आहे आणि माप देताना माणसं काहीही बोलतात. ती गाडी चालवायला शिकवते. शिकवण्याच्या गाडीत तिच्या पायाशी एक जादा ब्रेक आहे, पण तो दाबण्याआधी ती "ब्रेक" असं अशा काही आवाजात म्हणते की शेजारून जाणारा सायकलवालाही थांबतो. घरात तोच आवाज मला भाजीत मीठ घालताना ऐकू येतो.

ती हट्टी आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, संसार करून दमलेला माणूस म्हणून सांगतो. एखादी गोष्ट होणार नाही असं कुणी म्हटलं की ती झालीच म्हणून समजा, आणि ती होईपर्यंत घरातल्या बाकीच्यांचं काही खरं नाही. मीही तिला एकदा म्हणालो होतो की बाईमाणसाकडे गाडी शिकायला कोण येणार. त्यानंतर घरातल्याच माझ्या दुकानाच्या अर्ध्या पाटीवर तिच्या शाळेचं नाव आलं आणि माझं नाव बारीक अक्षरांत खाली गेलं.

आमच्या खालच्या मजल्यावर काका-काकू राहतात. काकांची मूत्रपिंडं गेली, त्यामुळे आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिससाठी हॉस्पिटलात न्यावं लागतं. त्यांची जुनी गाडी शेडमध्ये धूळ खात पडली होती. काकांना चालवता येईना आणि काकूंना येत नव्हतं. दूरच्या शहरात राहणारा मुलगा फोनवर एकच गोष्ट सांगायचा: हे घर बंद करा आणि दोघं माझ्याकडे या. काकूंना जायचं नव्हतं. मुलगा वाईट नव्हता, पण त्याच्या घरात त्यांच्यासाठी एक खोली होती आणि इथे त्यांचं सगळं आयुष्य होतं. मग साठी उलटलेल्या काकू माझ्या बायकोकडे गाडी शिकल्या. दोनदा नापास झाल्या, तिसऱ्यांदा लायसन्स घेऊन आल्या आणि जिन्यातूनच हाका मारत सुटल्या. मुलगा म्हणाला, ठीक आहे, रविवारी येतो. गाडी रस्त्यावर असली आणि तुला ती चालवताना मी पाहिलं, तर विषय बंद. नाहीतर तुम्ही दोघं माझ्याबरोबर निघायचं. काकूंनी हो म्हटलं.

तेव्हा ती गाडी चालती करणं आलं. बायकोने बॅटरी बदलली, ऑइल बदललं आणि गुरुवारी सकाळी स्पार्क प्लग काढायला घेतले. तीन निघाले. चौथा जाम होता. शेजारी खुर्चीत बसलेले काका म्हणाले की तो मी शेवटचा कधी काढला होता ते मलाच आठवत नाही. बायकोने पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप अडकवला आणि जोर लावला. आवाज अगदी छोटा आला, सुपारी फुटावी तसा. वरचा अर्धा प्लग पान्यात आला आणि खालचा, आट्यांचा भाग इंजिनातच राहिला.

ती हातातल्या तुकड्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, मेस्त्रीला बोलव, आणि ती स्वतःहून दुसऱ्या कुणाला बोलावतेय म्हटल्यावर मी घाबरलो.

नाक्यावरचा मेस्त्री आला. त्याने टॉर्च मारून आत पाहिलं आणि मान हलवली. म्हणाला, "हेड उतरवावं लागेल."

"कुणाचं?" काकांनी विचारलं.

मेस्त्री हसला, पण पुढचं त्याने जे सांगितलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. इंजिनाचा वरचा भाग खोलून लेथवाल्याकडे पाठवायचा, लेथवाल्याकडे रांग, त्यामुळे पुढच्या आठवड्यापर्यंत गाडीचं नाव काढू नका. काकू पायरीवर बसल्या. त्या रडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की जाऊ दे बाई, तू तरी किती करशील. हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. कारण त्यानंतर बायकोने पदर खोचला.

"काकू, माझ्या हातून तुटलाय," ती म्हणाली, "मीच काढणार. हेड न उतरवता."

मेस्त्रीकडे एक हत्यार होतं. बोटभर लांबीचा, निमुळता पोलादी तुकडा, आणि त्यावर आटे उलटे कापलेले. तो तुटलेल्या प्लगच्या पोकळीत ठोकून बसवायचा आणि सोडवण्याच्या दिशेने फिरवायचा. आपण जितकं सोडवायला जावं तितका तो आणखी घट्ट धरतो आणि शेवटी अडकलेल्याला घेऊनच बाहेर येतो. हे ऐकल्यावर मी बायकोकडे पाहिलं. सासरेबुवांनी लग्नाच्या बोलणीत मुलीचं वर्णन याच शब्दांत केलं असतं तर मला पूर्वकल्पना तरी आली असती. मेस्त्रीने ते हत्यार दिलं, पण एक गोष्ट बजावली. जोर करून हे आत मोडलंत, तर त्याला भोक पाडणारं हत्यार माझ्याकडे नाही आणि लेथवाल्याकडेही नाही. मग हेड भंगारात.

मला वाटलं, आता ती लगेच हातोडी घेईल. तिने गंज सोडवणारं तेल घेतलं, प्लगच्या कडेने थोडं सोडलं आणि शिकवणीला निघून गेली. दुपारी आली, पुन्हा थोडं सोडलं, पुन्हा गेली. शुक्रवारी तोच कार्यक्रम. माझा जीव टांगणीला लागला. मी दोन ब्लाउजच्या बाह्या उलट्या लावल्या. तिला म्हणालो, अगं, रविवार परवावर आलाय, काहीतरी कर. ती म्हणाली, करतेय ना, वाट बघतेय. लग्न झाल्यापासून तिच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकत होतो.

शुक्रवारी दुपारी तिने प्लगच्या पोकळीतली चिनी माती, म्हणजे त्याचा पांढरा गाभा, काढायला घेतली. ती फुटून खाली इंजिनात पडली तर आतली गुळगुळीत भिंत खरवडून निघाली असती. त्यासाठी माझा दोरे उपसायचा सगळ्यात चांगला चिमटा गेला, आणि घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला बारीक नळी बांधून तोही कामाला लागला. निघालेला प्रत्येक तुकडा तिने माझ्या कटिंगच्या टेबलावर पांढऱ्या अस्तरावर मांडला. का, ते तेव्हा मला कळलं नाही.

शनिवारी सकाळी हत्यार आत बसलं. हलक्या हाताने ठोकलं, पाना लावला, फिरवलं. काही नाही. अजून थोडं. तिच्या दंडाची शीर तट्ट फुगली, आणि मी बघितलं की गुरुवारी लावला तोच जोर आता तिच्या हातात उतरायला लागलाय. तेवढ्यात ती स्वतःशीच, अगदी हळू आवाजात म्हणाली, "ब्रेक." हात सैल सोडला. कडेने पुन्हा तेलाचा थेंब टाकला आणि पुन्हा सुरुवात केली. असं कितीदा झालं कुणास ठाऊक. दर वेळी जोर चढला की ती स्वतःला ब्रेक म्हणायची. शेवटी आतून कुरकुर ऐकू आली, पुन्हा आली, आणि तो हट्टी लोखंडाचा तुकडा दुसऱ्या एका हट्टी लोखंडाला चिकटून वर आला.

काकूंनी हात जोडले. मेस्त्री बघायला आला होता, त्याने चहा मागितला. पण बायको वर माझ्या टेबलाकडे गेली. तिथे तिने चिनी मातीचे तुकडे एकमेकांना जोडायला सुरुवात केली, मी उरलेल्या कापडातून बाही निघते का बघतो तसे, इकडून तिकडून फिरवून. सगळे जुळले. एका कोपऱ्यात मात्र तांदळाच्या कणीएवढी जागा रिकामी राहिली.

मेस्त्री म्हणाला, एवढीशी कणी धुराबरोबर निघून जाईल, करा स्टार्ट. कदाचित त्याचं बरोबर असेल. काकूही म्हणाल्या की बाई, आता बघू या सुरू होते का. मीसुद्धा म्हणालो. उद्या रविवार होता.

"नाही," ती म्हणाली. "हॉस्पिटलच्या रस्त्यात गाडी बंद पडली तर काकांना घेऊन काकू कुठे उभ्या राहतील?"

तिने प्लगचा करंट तोडला, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. चारही भोकं उघडी होती. काकूंना किल्ली फिरवायला बसवलं आणि मला त्या चौथ्या भोकासमोर अस्तराचं कापड धरून उभं केलं. इंजिनाने फस्सकन हवा टाकली आणि कापडावर काळे शिंतोडे उडाले. कणी नव्हती. पुन्हा फिरवलं, नव्हती. नळी घालून पुन्हा ओढून पाहिलं, कापड बदललं, पुन्हा किल्ली. दुपार कलली. मेस्त्री कंटाळून निघून गेला. मग एकदा कापडावर टिच्चकन काहीतरी आपटलं, आणि मी ते मुठीत गच्च आवळूनच वर पळालो.

कणी बसली. रिकाम्या जागेत अगदी बरोब्बर बसली. बायको माझ्या मशीनच्या स्टुलावर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, त्यांचं घर माझ्या हाताने मोडलं असतं हो. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला तिचा इतका अभिमान वाटला की बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

नवे प्लग तिने आधी नुसत्या बोटांनी बसवले आणि मग पान्याला जेमतेम हात लावला. गाडी दुसऱ्या किल्लीला सुरू झाली. काका कान देऊन ऐकत होते. म्हणाले, खोकते जरा, पण माझ्यापेक्षा बरी आहे.

रविवारी काकू मुलाला आणायला स्टेशनवर निघाल्या. काका हट्टाने पुढच्या सीटवर बसले. वाटेत गाडी ढकलावी लागली तर कुणीतरी हवं, म्हणून मला मागे घेतलं. बायको दार उघडून बसणार, तेवढ्यात काकूंनी तिला थांबवलं.

"तू येऊ नकोस. तू असलीस की माझा पाय तुझ्या ब्रेकची वाट बघत बसतो."

माझ्या बायकोला असं कुणी सांगितलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. ती दार लावून फाटकाशी उभी राहिली.

काकूंनी गाडी सावकाश नेली, मागून हॉर्न वाजले तरी सावकाशच नेली. स्टेशनच्या दारात मुलगा बॅग घेऊन उभा होता. त्याने गाडी पाहिली, वडिलांना पाहिलं, मग आईच्या बाजूच्या खिडकीशी आला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. म्हणाला, "आई, तू दमली असशील. उतर, मी चालवतो."

काकूंनी इंजिन बंद केलं नाही.

"मागे बस," त्या म्हणाल्या. "वाटेत बाबांची औषधं घ्यायचीत."

तो माझ्या शेजारी येऊन बसला, बॅग मांडीवर घेतली, आणि काकूंनी आरशात बघून गाडी काढली.