चिंचोक्याची खळ

गंगाधर पाष्टेने लालबागच्या गिरणीत, सायझिंग खात्यात, अठरा वर्षं सुताला खळ दिली होती. गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली तरी भेटेल त्याला तो हे ऐकवायचाच. सुंभ जळला तरी पीळ गेला नव्हता. आता तो काळाचौकीत साड्या रंगवण्याच्या कारखान्यात घाण पाण्याच्या टाकीवर होता. त्याची सून अक्षता तिथेच पॅकिंगला. दोघांच्या पगारावर घर चालायचं.

पाणी साफ निघालं नाही तर कारखान्याला टाळं, अशी सरकारी नोटीस आली होती. म्हणून मेघना या केमिस्ट पोरीने नवी पूड आणली. चिंचोक्याच्या पिठावर प्रक्रिया करून केलेली. ती पाण्यातला रंग धरून त्याचे गोळे करायची आणि गोळे तळाला बसायचे.

गंगाधरने चिमूटभर हुंगली आणि हसला. "मॅडम, ही तर आमची खळ!"

"खळ नाही, काका. टाकीला दोनच मग. जास्त झाली की उलटं होतं, रंग खाली बसतच नाही."

महिनाभर त्याने दोनच मग घातले. पाणी स्वच्छ निघालं.

तपासणीच्या दिवशी मात्र टाकीत गडद मरून रंग आला. सरकारी साहेब अकराला येणार होते. गिरणीत खळ पातळ पडली की सूत तुटायचं आणि जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, शिव्या बसायच्या. घट्ट झाली म्हणून जन्मात कुणी बोललं नव्हतं. त्याने चार मग घातले.

अकरा वाजले तरी पाणी गढूळच. साहेबांनी बाटली भरून नेली.

"किती घातलीत, काका?"

"चार."

मेघना वळून टाकीकडे निघून गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांत टाळं लागलं. चाळीस माणसं डबे हातात घेऊन फाटकाशी उभी. पॅकिंगमधल्या नलूने विचारलं, "अगं अक्षता, कुणामुळे झालं गं हे?"

गंगाधर डब्याच्या झाकणाशी चाळा करू लागला. अक्षताला सगळं ठाऊक होतं. आदल्या रात्री त्यानेच तिला सांगितलं होतं.

"टाकीचा पंप बिघडला होता," ती म्हणाली आणि तिने सासऱ्याचा हात धरला. "चला बाबा, घरी चला."

आयुष्यात कधी खोटं न बोललेली ती पोर त्याच्यासाठी खोटं बोलली होती, आणि मान वर करून तिच्याकडे बघायची त्याची छाती होईना.