शिक्के मोजायचे शुक्रवार

कतारमध्ये इन्कम टॅक्स नाही, म्हणूनच बहुधा इथला मराठी माणूस टॅक्सबद्दल फार बोलतो. वर्ल्ड कपसाठी दोहा खणायला घेतलं तेव्हा आपली माणसं ऐन वर्षाच्या मध्यातच नोकरीला येऊन पडली. मी अकाउंट्समधला, म्हणून दर शुक्रवारी ती सगळी पासपोर्ट घेऊन आमच्या फरीज बिन ओमरानच्या फ्लॅटवर हजर! बायको पोहे करायची, मी शिक्के बघून दिवस मोजायचो. वर्षात भारतात एकशे ब्याऐंशी दिवस भरले, की माणूस तिकडचा रेसिडेंट, आणि इथल्या पगारावरही तिकडे टॅक्स. एक एप्रिलला मोजणी पुन्हा शून्यापासून. नियम एवढाच, पण किस्से ढिगाने जमले.

*

स्टेडियमच्या साइटवरच्या जोशींनी आपल्या दिवसांचा रंगीत बार चार्टच करून आणला. त्यात नाशिकचे बारा दिवस कोरे.

"हे काय?"

"सासरी होतो."

"सासर भारतातच आहे ना?"

"आहे हो. पण तिथे मला कोण विचारतं? मी रेसिडेंट कसला?"

माझ्या बायकोने पोहे वाढता वाढता ते बारा दिवस मोजायला लावले.

*

याच जोशींनी रिटर्नच्या फॉर्मवर पत्ता लिहिला, 'राउंडअबाऊटजवळ'. महिन्याभरात राउंडअबाऊट पाडून तिथे सिग्नल आला. जोशींचा घाईघाईने फोन. "माझा रिटर्न आता खोटा ठरणार का हो?"

"खलास जोशी, झोपा," मी म्हटलं. इथल्या अरबीत खलास म्हणजे विषय संपला.

*

फिलोमिना वसईची, इथे नर्स. त्या वर्षी एप्रिलपासून भारतात एकशे बेचाळीस दिवस काढून मग इथे नोकरीला आलेली. फेब्रुवारीत तिचे पप्पा घरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. घरी ते एकटेच.

"अंकल, मी किती दिवस जाऊ शकते?"

मी मोजून सांगितलं, "एकोणचाळीस."

तिला रडूच आलं. "हॉस्पिटलने रजा दहाच दिवसांची दिलीय."

मला फार वाईट वाटलं. नियमात बसणारे दिवस होते, पण रजा नव्हती.

दहा दिवस राहून ती परत आली. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी आमच्याकडे बसली असताना पप्पांचा फोन आला. तिने स्पीकरवर टाकला.

"साहेब, पोरीचे एकोणतीस दिवस शिल्लक आहेत म्हणे?"

"हो, आहेत."

"ते पुढच्या वर्षात जमा करून ठेवा. तोवर मी चालायला लागतो."

फिलोमिना माझ्याकडे बघत होती.

"ठेवले, काका," मी म्हटलं.