आईच्या फोटोखालची ओळ
अन्याय माझ्या आईवर झाला, मी सातवीत असताना, नाताळच्या आदल्या दुपारी, धुळ्यात एका परदेशी मिशनरी कुटुंबाच्या घरी. आई त्यांचा स्वयंपाक करायची. दालचिनीचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं, कारण तेव्हा ओव्हनमध्ये केक होता आणि मॅडम कॅमेरा घेऊन आल्या. "ताई, कृपया चप्पल काढा, मागे मातीत बसा." आई हसली, "नवी चप्पल शे मॅडम, दिखू द्या ना!" तरी बसली. महिन्याभराने, त्यांनी मायदेशी देणगीदारांना पाठवलेल्या छापील पत्राची प्रत मला त्यांच्या टेबलावर दिसली. आईच्या फोटोखाली इंग्रजीत ओळ होती: ही उपाशी बाई, येशूचं नाव हिने आमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. मी अर्थ सांगितला, तेव्हा आईची पोळी तव्यावर करपली. "आठलं चर्च मना आजानी बांधेल शे! यास्ले प्रभूनी प्रार्थना मराठीमा मीच शिकाडी!" खरंच होतं: इथलं चर्च माझ्या पणजोबांनी बांधलेलं, आणि या लोकांना मराठीतली प्रार्थना आईनेच शिकवलेली. आम्ही मॅडमना जाब विचारला, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "असं लिहिलं नाही तर तिकडच्या लोकांचं मन द्रवत नाही." आता मी पत्रकं काढते, म्हणून हेही छापलंय. इतक्या वर्षांनी मॅडम मायदेशी परत चालल्यात, येत्या रविवारी चर्चमध्ये त्यांचा निरोपसमारंभ आहे. मंडळीतल्या बंधुभगिनींनो, हार आणू नका, टाळी वाजवू नका. भरसभेत, मराठीत, आईची माफी मागितल्याशिवाय त्यांना स्टेजवरून उतरू देऊ नका.